वीस वर्षं टिकेल अशी गाडी

२ फेब्रुवारी, सोमवार

आज पिकअपचं इंजिन गेलं. बिघडलं नाही, गेलंच. मिस्त्रीने बॉनेटखाली डोकं घालून बराच वेळ उसासे टाकले आणि मग अगदी हळू आवाजात विचारलं, "तेल कधी बघितलं होतंत?" मी त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचा प्रश्न त्याने गिळून टाकला. बावीस वर्षं या गाडीने माझ्या होड्या ओढल्या. तेल बघायचं मला हा शिकवणार.

तर नवी गाडी घ्यायची आहे, आणि ही वही त्यासाठीच काढली आहे. आमच्याकडे निर्णय झाला की नंतर प्रत्येकाला आठवतं की त्याने वेगळंच सुचवलं होतं. त्यामुळे कोण काय म्हणालं आणि मी काय म्हणालो, ते लिहून ठेवलेलं बरं.

वेळ कमी आहे. तलावाच्या बांधाची दुरुस्ती निघाली आहे आणि पंचवीस तारखेपासून पाणी सोडणार आहेत. त्याआधी बोट क्लबच्या चौदाही होड्या उतारावरून वर ओढून आमच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये आणायच्या. हे काम सव्वीस वर्षं माझ्याकडे आहे. पलीकडच्या काठावर एक नवं वर्कशॉप झालंय, त्यांच्याकडे दोन चकचकीत गाड्या आहेत. होड्या एकदा तिकडे गेल्या की दुरुस्तीही तिकडेच होणार, आणि मग शेडला कुलूप लावून मी व मुलगी बाहेर बाकावर बसायला मोकळे. मुलगी अकरा वर्षं माझ्याबरोबर शेडमध्ये काम करते आहे. तिला दुसरा धंदा येत नाही आणि मलाही.

गाडी डिझेलचीच हवी, ओढणारी हवी, आणि वीस वर्षं टिकणारी हवी. मी आता बासष्टचा आहे, पुन्हा पुन्हा गाड्या निवडत बसायला मला वेळ नाही. हे जेवताना बोललो तर आमची ही भांडं घासायचं थांबली आणि पुन्हा घासायला लागली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

शोरूममध्ये गेलो. टाय लावलेला एक पोरगेला विक्रेता धावत आला आणि आधी गाणी लावून दाखवली. मग सीट गरम होतात ते दाखवलं. मी विचारलं, ओढते किती? तो म्हणाला, साडेतीन टन. मी म्हटलं, ते कागदावर. ओल्या काँक्रीटचा उतार, मागे दोन टनांची होडी, ट्रेलरची चाकं पाण्यात, आणि तिथून उठवायची आहे. तेव्हा हिचा क्लच किती दिवस तग धरेल? त्याने माहितीपत्रक उलटसुलट करून पाहिलं. त्यात सहकुटुंब डोंगरावर उभे असलेल्या लोकांचे फोटो होते.

चालवूनही पाहिली. हल्लीच्या गाड्यांना क्लच नसतो, उशी असते. कुठे धरतो आणि कुठे सोडतो, काही म्हणजे काही कळत नाही. शोरूमच्या अंगणातच तीनदा बंद पडली. टायवाला म्हणाला, सवय होईल सर. मी म्हटलं, मी चाळीस वर्षं गाडी चालवतोय, सवय गाडीने करून घ्यायची असते. मुलगी मागच्या सीटवर होती. ती खिडकीबाहेर बघत होती.

५ फेब्रुवारी, गुरुवार

हिचा भाऊ आला. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झाल्यापासून दिवसभर मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघतात आणि जगाला शहाणं करत सुटतात. स्वतःची गाडी फाटकातून मागे घेताना बायकोला खाली उतरवतात. आज त्यांचं म्हणणं असं की मी ऑटोमॅटिक घ्यावी. डावा पाय लागतच नाही, या वयात आराम. "या वयात" म्हणताना त्यांनी बहिणीकडे पाहिलं, हे मी टिपलं.

मी म्हटलं, ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांच्यासाठी ऑटोमॅटिक काढली आहे, त्यामुळे तुम्ही दोन घ्या. मेहुणे चहा अर्धा टाकून गेले. चहात तसंही साखर नव्हती, ही हल्ली घालतच नाही. डॉक्टरने तिच्या मनात काहीतरी भरवून ठेवलंय.

८ फेब्रुवारी, रविवार

बाजारातून एक चप्पल घालून घरी आलो. दुसरी कुठे पडली, देव जाणे. चपलांचे पट्टे हल्ली इतके भिकार बनवतात की पायातून सुटली तरी पत्ता लागत नाही. दारात हिने पायांकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं हसते आहे. मग म्हणाली, डॉक्टरांनी पायांच्या तपासणीला बोलावलंय, तीन महिने झाले. मी म्हटलं, डॉक्टरला चपला दुरुस्त करता येतात का?

दुपारी चांभाराला चार शब्द सुनावले. तो म्हणाला, पट्टा तर शाबूत आहे. हातात दुसऱ्या पायाची चप्पल धरून म्हणतो शाबूत आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

खाणीवरची अकरा वर्षं जुनी गाडी पाहिली. बाहेरून नवरीसारखी रंगवलेली. चाललीही कमी म्हणे, कारण मीटर तसं सांगत होतं. मीटरला काय, आपण शिकवू ते सांगतं. ज्या गाडीचं पेडलवरचं रबर झिजून लोखंड दिसतंय, तिने एवढासाच प्रवास केलाय हे मला पटवायला निघाले होते.

मुलगी लगेच गाडीखाली सरकून आडवी झाली. तिने मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांजवळ चासीत स्क्रूड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. गंजावर नुसता डांबराचा थर दिला होता. मी तिला नेमकं तिथेच टोचायला सांगणार होतो. अशा चासीला होडी लावली असती तर एक दिवस गाडी वर आली असती आणि हूक ट्रेलरसकट तलावात राहिला असता. मालकाला म्हटलं, हिच्यात कुंड्या ठेवा, शोभेल.

येताना मुलीने मिस्त्रीची गाडी चालवली. मी तिला सांगितलं की वळणावर ती फार आधी ब्रेक दाबते. ती "हो" म्हणाली.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज मात्र गाडी सापडली असं वाटतंय. रोपवाटिकेवाल्याची. हा किडकिडीत, सारखा माफी मागितल्यासारखं बोलणारा माणूस. गुडघ्यांमुळे धंदा कमी करतोय, म्हणून विकायची. सात वर्षांची गाडी, जुन्या धाटणीचं डिझेल इंजिन, ज्याला मिस्त्री स्वतःच्या हाताने खोलू शकतो. लॅपटॉप लावून नवस बोलावे लागत नाहीत. इंजिनात तुटणारा टायमिंगचा पट्टा नाही, चेन आहे. चारही चाकांना ताकद जाते, हळू चढायचा वेगळा गिअर आहे. मागचे पाटे सरळ, चासी खणखणीत. दर वेळी तेल बदललं ते एका छोट्या वहीत तारखेसह लिहिलेलं. मी दोन तास खोट शोधली आणि सापडली नाही, त्यामुळे जरा चिडचिडच झाली.

मुलीने फेरी मारली. एवढ्या अरुंद फाटकातून मागे घेतली, आणि गिअर एकदाही कुरकुरला नाही. मग मी बसलो. पेडल एकमेकांच्या फार जवळ आहेत. बनवणाऱ्यांनी काय बाहुल्यांच्या पायांची मापं घेतली होती की काय. तसं मी बोलूनही दाखवलं. रोपवाटिकेवाला म्हणाला, मला कधी जाणवलं नाही, पण तुम्ही म्हणता तर असेल. आठवडाभर घेऊन जा, ट्रेलर लावून बघा, मग सांगा. असा माणूस धंदा कसा करतो कोण जाणे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मिस्त्रीकडे गाडीला ओढायचा हूक बसवून घेतला. मी समोर उभा राहून सूचना देत होतो, कारण सांगितल्याशिवाय तो सरळ काही करत नाही. तेवढ्यात रबर जळल्याचा वास आला. मी म्हटलं, तुझी वायर जळतेय. त्याने ग्राइंडर टाकला आणि मला धक्का देऊन बाजूला केलं. कापलेल्या लोखंडाचा लाल तुकडा माझ्या बुटाखाली होता. तळ जळून आरपार भोक पडलं होतं.

घरी हिने मोजा काढला तर तळव्यावर मोठा फोड. ही रडायला लागली. मी म्हटलं, अगं मला लागलंसुद्धा नाही, चाळीस वर्षांच्या कामाने कातडी जाड झालीय. तर आणखीच रडली. बायकांना चांगली बातमी पचत नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

हे आजच्या आज लिहून ठेवतो.

आज ट्रेलर लावून उताराची परीक्षा होती. आमची पद्धत अशी की मी ट्रेलर मागे घेत पाण्यात उतरवतो, मुलगी खाली पाण्याच्या कडेला उभी राहते आणि ट्रेलरच्या कडेवर हाताने थाप मारते. एक थाप, ये. दोन थापा, थांब. फोन नाही, आरडाओरडा नाही. क्लबच्या लोकांना हे बघायला आवडतं.

आम्ही एक होडी आणून ट्रेलरवरच ठेवली होती, वजनासह बघायचं म्हणून. एक थाप. एक थाप. मग दोन. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. मी जोरात दाबला. गाडी मागे जातच राहिली, उलट वेग घेतल्यासारखी, आणि आरशात मुलगी दिसेनाशी झाली. मी हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला तेव्हा कुठे गाडी आडवी होऊन थांबली. ट्रेलरचं मडगार्ड काँक्रीटच्या खांबावर चेपलं होतं, होडीचं सुकाणू तुटलं होतं. मुलगी बाजूला कमरेइतक्या पाण्यात होती. तिने उडी मारली होती. कोपर सोललं, गुडघ्याला चार टाके पडले. ती उभी असते ती जागा म्हणजे त्या खांबाच्या पुढची बरोबर वीतभर.

मी सगळ्यांना सांगितलं, ब्रेक लागला नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

मुलगी घरीच झोपून आहे. मी दोनदा खोलीत गेलो. दोन्ही वेळा ती म्हणाली, मी ठीक आहे बाबा.

माणसाने सभ्य दिसावं आणि अशी गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारावी? वहीत तेलाच्या तारखा लिहून ठेवतो, आणि ब्रेक? क्लबमध्ये जाऊन सेक्रेटरीला सगळं सांगितलं. तिथे बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. त्यांची बाग रोपवाटिकेवालाच सांभाळतो, आता बघू किती दिवस सांभाळतो.

१६ फेब्रुवारी, सोमवार

रोपवाटिकेवाला आला होता. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. त्याला काल क्लबने सांगितलं की तूर्तास बागेत येऊ नकोस. त्याबद्दल तो बोलला नाही, ते मला हिच्याकडून कळलं. तो एवढंच म्हणाला की होडीचं मी भरून देतो, मुलीच्या औषधपाण्याचंही देतो, गाडी भंगारात घालतो, पुन्हा कुणाला विकणार नाही. मग विचारलं, तिला भेटू का? मुलीने आतूनच त्याला सांगितलं, काका, तुमची काही चूक नाही. किती चांगुलपणा करावा माणसाने. माझ्यावर गेली नाही ती या बाबतीत.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मिस्त्रीने चारही चाकं उतरवून ब्रेक खोलले. दिवसभर खपला. संध्याकाळी म्हणतो, काही सापडलं नाही. पाइप गळत नाहीत, तेल पुरेसं आहे, पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत. मी म्हटलं, मग तुला दिसलं नसेल. तो म्हणाला, असेल. तीस वर्षांत हा माणूस माझ्याशी एकदाही भांडला नाही. भांडला असता तर निदान काही शिकला असता.

क्लबचा निरोप आलाय. शुक्रवारपर्यंत काम सुरू झालं नाही तर होड्या पलीकडच्या वर्कशॉपला.

१८ फेब्रुवारी, बुधवार

मिस्त्री जेवायला गेल्यावर मी एकटा त्या गाडीत बसलो. इंजिन बंद होतं. याचा ब्रेक कुठे फसतो ते मीच शोधून काढणार होतो.

ब्रेक दाबला. पेडल कडक, जसं असायला हवं तसं. पुन्हा दाबला, पुन्हा तसंच. मग मला वाटलं, मागे बघताना नजर आरशात असते, तसं करून बघू. आरशात बघितलं, पाय उचलला, ब्रेक दाबला. यावेळी पेडल थेट तळापर्यंत गेलं. सापडलं, म्हटलं. आणि मान खाली घालून पाहिलं.

बूट ब्रेकवर नव्हता. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या मधे, अर्धा अ‍ॅक्सिलरेटरवर चढून जमिनीवर टेकला होता. मी तो दाबत होतो. पूर्ण जोर लावून दाबत होतो, आणि माझ्या लेखी तो ब्रेकवर होता.

दहा वेळा केलं. नजर आरशात, पाय ब्रेकवर, मग खाली बघायचं. सहा वेळा ब्रेकवर होता. तीन वेळा नव्हता. एकदा बूट निघून बाजूला पडला होता आणि मी नुसत्या मोज्याने रिकाम्या जागेवर पाय रोवून बसलो होतो. मोजा काढला आणि बोटाने तळवा दाबून पाहिला. नखाने दाबला. दुसऱ्या कुणाचा पाय मांडीवर घेऊन बसल्यासारखं वाटलं.

मला भीती वाटली. आयुष्यात एवढी वाटली नव्हती. मिस्त्री परत यायच्या आत मी मोजा घालून घरी आलो आणि कुणालाच काही सांगितलं नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी रोपवाटिकेवाल्याला मिस्त्रीकडे बोलावून घेतलं. मुलगीही लंगडत आली. गाडी कुठल्या भंगारवाल्याला द्यायची ते ठरवायचं आहे असं त्यांना वाटत होतं. मी बरीच तयारी केली होती, पण तोंडातून एवढंच निघालं की ब्रेक चांगला आहे. माझ्या पायांना काही कळत नाही. मी ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

रोपवाटिकेवाला जवळच्या टायरवर मटकन बसला. चार दिवस या माणसाला वाटत होतं की आपल्या हातून कुणाची मुलगी गेली असती. मी त्याची माफी मागितली. मला ते नीट जमलं नाही, सवय नाही. क्लबमध्ये जाऊन तेच सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं. तिथे तर त्याहून वाईट जमलं, पण सेक्रेटरीने माझ्यासमोरच रोपवाटिकेवाल्याला फोन केला.

मिस्त्री मात्र हात पुसत राहिला. त्याला जराही नवल वाटलेलं दिसलं नाही. ते मला टोचलं. बाहेर आल्यावर मी मुलीला विचारलं, त्याला माहीत होतं का?

"सगळ्यांनाच माहीत आहे, बाबा. वर्ष झालं असेल."

"तुलाही?"

"हो."

मी म्हटलं, "मग तू मागे उभी कशाला राहिलीस?"

ती म्हणाली, "दुसरं कुणी उभं राहिलं असतं तर त्याला कळलं नसतं. मला निदान कधी उडी मारायची ते माहीत होतं."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

ती गुडघ्याची पट्टी नीट करत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या गाडीपेक्षा मला तुमच्या तोंडाची जास्त भीती वाटते."

मी घरी आलो. ही दारात होती. तिला म्हटलं, डॉक्टरकडे कधी जायचं? ती लगेच चप्पल घालायला लागली, जणू मी विचार बदलेन.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

रोपवाटिकेवाल्याचीच गाडी घेतली. मी घेतली म्हणतोय, पण कागदांवर मुलीचं नाव आहे आणि सीट तिच्या मापाने पुढे ओढली आहे. वीस वर्षं टिकेल ती.

दुपारी उतारावर गेलो. मुलगी गाडीत, मी तिच्या शेजारी, आणि खाली पाण्याजवळ मिस्त्री थापा मारायला. त्याच्या थापा म्हणजे भाकरी थापल्यासारख्या, एक कुठली आणि दोन कुठल्या, पत्ता लागत नाही. काठावर क्लबचे सगळे रिकामटेकडे जमले होते. पलीकडच्या वर्कशॉपचा माणूसही हाताची घडी घालून उभा होता.

पहिल्याच होडीला तिचा ट्रेलर वाकडा गेला. गाडी एकीकडे, ट्रेलर दुसरीकडे, मधे घडी पडल्यासारखं. ती थांबली. आणि माझ्या तोंडाशी आलं. पूर्ण वाक्य, त्यात ती आली, तिची आई आली, मेहुणेसुद्धा आले. फक्कड वाक्य होतं. तिने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत, मागे आरशातही पाहिलं नाही. खांदे थोडे वर घेऊन समोर बघत ती नुसती बसून राहिली. ते वाक्य यायची वाट बघत होती.

मी म्हटलं, "पुढे घे आणि परत ये. घाई नाही."

तिने इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणालात?"

मला ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.